पोल्ट्रीवाल्यांचा शक्तिमान

"कळलं का गं? पोल्ट्रीवाल्यांच्या धाकट्यानं रणगाडा आणला!"

काकूंच्या आणि आमच्या मधली कंपाउंडची भिंत छातीएवढी आहे. शिरूरच्या आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं या भिंतीवर ठरली आणि उरलेल्यांतली बरीचशी इथंच मोडली. त्यामुळे बातमी खरी की खोटी हा प्रश्न नव्हता. किती खरी, एवढाच होता.

"रणगाडा नाही काकू, ट्रक आहे. मिलिटरीचा जुना ट्रक. बघितलाय मी."

"तेच ते. त्याच्या बायकोला विचार, ती रणगाडाच म्हणते. भिशीला सांगत होती, दिवाळीला पाटल्यांचं कबूल केलेलं. पाटल्या राहिल्या बाजूला आणि दारात हे धूड उभं. आता हे काय हातात घालू का, म्हणाली."

"केवढ्याला घेतला पण?"

"खरा आकडा बायकोलाही सांगितलेला नाही. माझ्या कानावर एक आलाय, आमच्या ह्यांच्या कानावर दुसरा, आणि भंगारवाला तिसराच सांगतोय. तिन्ही खोटे धर."

या विषयात काकूंचा अधिकार मोठा. माहेर दौंडचं, वडील एसआरपीत गाडीवर. दौंडला एसआरपीचे दोन गट, पाच नंबर आणि सात नंबर. त्या लायनीत काकू वाढल्या. नवरा मिळाला तोही फौजेच्या ईएमईतला मेकॅनिक. तात्या सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि शिरूरला घर बांधून राहिले. गल्लीतल्या बाकीच्या बायका साडीचा पोत बोटांनी ओळखतात, तसं काकू इंजिन आवाजावरून ओळखतात.

"शक्तिमान आहे तो," काकू म्हणाल्या. "ह्यांनी नाव ऐकलं आणि पायात चप्पल न घालता पळाले. लग्नासाठी मला बघायला आले तेव्हा एवढी घाई नव्हती."

"टीव्हीवरचा शक्तिमान?" आमच्या चिरंजिवांनी मधेच तोंड घातलं.

"तो नंतरचा रे बाळा. मालिका आली 1997 ला. हा त्याच्या कितीतरी आधीचा."

तेवढ्यात चहाचा कप घेऊन तात्या आले आणि भिंतीला टेकले. तात्या एरवी फार बोलत नाहीत. शक्तिमानवर मात्र थांबत नाहीत.

"कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते तेव्हाची गोष्ट. जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि 1959 ला जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत पहिले ट्रक निघाले. पुढं त्यासाठी 1969 ला जबलपूरलाच वेगळी व्हेईकल फॅक्टरी उभी केली. 65 ची लढाई, 71 ची लढाई, बर्फात, वाळवंटात, सगळीकडं हाच. 1996 ला बनायचा बंद झाला. मग स्टॅलियन आला."

"म्हणजे टीव्हीवरचा गरागरा फिरायला लागला तोवर खरा रिटायर झालेला," काकूंनी समारोप केला.

"पण याला मिळाला कुठं?"

"दौंडला! त्याची सासुरवाडी नाही का दौंडची. मेव्हण्यानं बघून ठेवलेला. लिलावात फौजेकडून कुणीतरी घेतला, मागं आकडा बसवून त्याची क्रेन केली आणि कुरकुंभ-पाटसच्या हायवेवर पलट्या झालेल्या गाड्या ओढायला लावला. तो धंदा बसला तसा ट्रक बाभळीखाली जाऊन उभा राहिला. आमचा हा सासरी गेला जावळाला आणि आला ट्रक ठरवून."

"करायचा काय त्याला?"

"नगर रोडला हॉटेल काढायचंय म्हणे. समोर ट्रक उभा करणार. लोक फोटो काढतील, मिसळ खातील. शिवाय लग्नाच्या वरातीला भाड्यानं देणार. नवरदेव टपावर."

तात्यांनी कप भिंतीवर ठेवला. "उभा करायचा असता तर मी गेलोच नसतो त्याच्याबरोबर. मी विचारलं, चालवणार का? चालवणार म्हणाला. म्हटलं, मग येतो."

तर तात्या दौंडला गेले होते! ही बातमी काकूंनी मला आधी दिली नव्हती, याचं मला जरा वाईट वाटलं. काकूंनी ते ओळखलं आणि नुकसानभरपाई म्हणून सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

"अगं, हा शहाणा निघालेला ट्रॅक्टरची एक बॅटरी घेऊन. ती लावायची, ट्रॅक्टरनं ओढायचं, गिअरमध्ये टाकायचा आणि धक्क्यानं चालू करायचा. हे नुसते ओरडले त्याच्यावर. ट्रक चोवीस व्होल्टचा. बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून लागतात. एका बॅटरीवर स्टार्टर हूं की चूं करणार नाही."

"आणि धक्का मारला असता तर?" मी तात्यांना विचारलं.

"वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन आतून धरलेलं असू शकतं. सहा सिलिंडरातलं एखादं रिंगांच्या गंजानं अडकलं असेल, एखाद्यात पाणी साचलं असेल, आणि वरून ट्रॅक्टरनं हिसका दिला, तर रॉड वाकतो. मग आहेच, हातात इंजिन आणि डोक्याला हात. म्हणून आधी नोझल काढली, एकेका सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑईल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवलं. आधी हलेना, मग जरासं हललं, मग पूर्ण फेरा झाला. तोवर स्टार्टरला हात लावू दिला नाही त्याला."

"हा सगळा वेळ मेव्हणा व्हिडिओ काढत होता," काकू म्हणाल्या. "एक पाना धरला नाही."

टाकीची कथा त्याहून रंगतदार. तळाचा बोल्ट काढल्यावर आधी पाणी आलं, मग काळा गाळ आणि सगळ्यात शेवटी डिझेल. जुन्या मालकानं टाकी अर्धी ठेवून गाडी उभी केली होती. रिकाम्या जागेत दव धरतं, पाणी तळाला बसतं, पत्रा आतून गंजतो आणि तो गंज पुढं फिल्टरमध्ये आणि पंपात जातो. टाकी खाली उतरवून धुतली, पाईप फुंकले, दोन्ही फिल्टर नवे घातले.

"मग चालू झाला?"

"कुठला! हवा धरलेली ना," तात्या म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरचा काकूंचा वेलदोड्याचा डबा म्हणजे फिल्टर आणि माझा पेन म्हणजे पाईप अशी मांडणी केली. "फीड पंपावर हातानं दाबायची मूठ असते. ती दाबत राहायची आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा. नुसता फेस येतो, बुडबुडे. दाबत राहायचं. बुडबुडे संपून डिझेलची स्वच्छ धार आली की स्क्रू कसायचा. मग तेच मोठ्या पंपावर. मग नोझलकडे जाणाऱ्या पायपांच्या चाक्या सैल करायच्या, स्टार्टर मारायचा, तिथून थेंब उडायला लागले की एकेक कसत जायचं. घाई केली की परत पहिल्यापासून. डिझेल गाडीत हवेचा एक फुगा राहिला तरी इंजिन दोन फेरे मारतं आणि मान टाकतं."

"आणि चालू झाला तेव्हा पहिली पाच मिनिटं दौंडला धुराशिवाय काही दिसत नव्हतं," काकू म्हणाल्या. "शेजारची बाई वाळत घातलेले कपडे काढायला धावली. याची सासू मात्र आरतीचं ताट घेऊन पुढं. त्या धुरात ट्रक कुठं आणि जावई कुठं ते तिला दिसेना."

धाकट्यानं म्हणे तिथंच विचारलं, की मान कंपनीचं इंजिन वाट्टेल ते पितं असं ऐकलंय, तर रॉकेल मिसळलं तर स्वस्त नाही का पडणार? तात्यांनी त्याला बाजूला घेतलं. त्या इंजिनात डिझेल पिस्टनच्या गोल खड्ड्यात फवारलं जातं, त्यामुळे हलकं-भारी इंधन ते चालवून घेतं, हे खरं. पण पंपातल्या प्लंजरला वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल कोरडं. चार पैसे वाचतील आणि पंप जाईल. आणि पंप गेला की कॅलिब्रेशनवाल्याचं बिल बघून पाटल्यांचा विषय कायमचा मिटेल.

"हे पाटल्यांचं तात्या नाही म्हणाले, मी घातलं," काकूंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मग ट्रक दौंडहून शिरूरला आला त्याची हकिकत. पाटसवरून चौफुला, तिथून केडगाव, पारगावला भीमा ओलांडायची, न्हावरे, आणि शिरूर. तात्या शेजारी बसलेले. गाडी हातात आल्याच्या आनंदात धाकट्याचा हात सारखा फोर व्हीलच्या दांड्याकडे जायचा. तात्या तो हात उचलून स्टेअरिंगवर ठेवायचे.

"का पण? दिलाय तर वापरू दे की त्याला."

"चिखलात वापर, वाळूत वापर, उसाच्या रानात वापर. डांबरावर नाही. वळणावर पुढची चाकं आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही. मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो, दांडा अडकून बसतो आणि कधीतरी काहीतरी कडकन तुटतं. रस्त्यावर फोर व्हील लावून मिरवणारा दिसला की समजायचं, याची गाडी लवकरच विकायला निघणार."

पारगावच्या पुलाअलीकडं तात्यांनी गाडी थांबवायला लावली. धाकट्याला वाटलं, तात्यांना चहा हवाय. तात्या उतरले आणि चाकाचाकाला फिरून हबला हाताची मागची बाजू लावत गेले. तीन चाकं कोमट. मागचं डावं चाक असं की हात लावला आणि काढला. क्रेनवाल्यानं ब्रेक जास्त कसून ठेवला होता आणि शू ड्रमला घासत होता. तसंच आणखी दामटलं असतं तर ग्रीस वितळून बाहेर, बेअरिंग कोरडं आणि न्हावऱ्याच्या आधी चाक जाम. तिथंच जॅक लावून ब्रेक सैल केला, चाक हातानं मोकळं फिरतंय बघितलं, आणि मग चहा घेतला.

"फौजेत याला हॉल्ट परेड म्हणतात," काकू अभिमानानं म्हणाल्या. "ताफा थांबला की ड्रायव्हर आधी चाकाला हात लावणार, मग विडी पेटवणार. आमच्या वडिलांचंही तेच. घरी आले तरी आधी गाडीखाली वाकून बघायचे कुठं ऑईल पडलंय का, मग आम्हाला हाक."

गल्लीत ट्रक शिरला तेव्हा काय झालं ते मी स्वतः बघितलं. बायकांनी बंपरला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, कुणीतरी चाकाखाली लिंबू ठेवलं. फौजेची वस्तू आली की तिला नमस्कार करायचा, ही शिरूरची जुनीच सवय. इंग्रजांच्या काळात इथं घोडनदीवर छावणी होती. कर्नल वॉलेस नावाचा त्यांचा अधिकारी 1809 ला इथं वारला. त्याचं थडगं बांधलं आणि आपल्या लोकांनी त्याला सत्पुरुष करून टाकलं. सुगीच्या धान्याचा नैवेद्य दाखवायला लागले. इंग्रज गेले, छावणी गेली, सत्पुरुष राहिला. पोल्ट्रीवाल्यांच्या ट्रकला हार पडला यात नवल काय?

आणि या रस्त्याला जुन्या गाड्यांचंही अप्रूप नाही. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर याच रस्त्यावर धावली. बेडफर्डची. ही बेडफर्ड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेला ट्रक पुरवणारी कंपनी.

"आता व्हिंटेज नंबर काढणार म्हणे," मी म्हटलं. "दुकानात सांगत होता सगळ्यांना. नंबरात व्हीए येतं, लोक वळून वळून बघतात."

तात्या हसले. "मिळायचा नाही. केंद्राचे ते नियम जुलै 2021 चे. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी, सगळं खरं. पण ते आहेत दुचाकीला आणि मोटारीला. ट्रक त्यात बसतच नाही. शिवाय गाडी पन्नास वर्षांच्या वरची लागते आणि ती रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच नाही. याला तर वरातीला भाड्यानं द्यायचाय. कायद्याच्या दृष्टीनं हा फक्त एक म्हातारा ट्रक. दरवर्षी पासिंग आणि विमा, वर पीयूसी. आणि क्रेनचा आकडा काढून मागं हौदा बसवायचा तर आरटीओची परवानगी आधी. बॉडी बदलायची मुभा कायदा आपली आपण देत नाही."

"म्हणजे नंबर बेचाळीसच राहणार?" काकूंचा मुख्य मुद्दा हाच होता. दौंड बारामतीच्या आरटीओत, म्हणजे एमएच 42. शिरूर पुण्याच्या, म्हणजे एमएच 12. "आमच्या गल्लीत सगळ्या बारा नंबरच्या. माझ्या माहेरचा नंबर लावून एक तरी गाडी उभी राहिली!"

गाडीचं वय किती हा वाद मात्र गल्लीत चांगलाच रंगला. धाकटा म्हणायचा 71 च्या लढाईतली. भंगारवाला म्हणायचा त्याच्या आधीची. शेवटी पेंटरनं पुढच्या बंपरवर पॉलिश पेपर मारला. वरचा क्रेनचा पिवळा गेला. त्याखाली कुठलातरी निळा निघाला. निळ्याखाली फौजेचा हिरवा. आणि हिरव्यावर अंधूक पांढरा उभा बाण आणि त्याच्या पुढं दोन आकडे, 84. फौजेच्या नंबरात बाणानंतरचे पहिले दोन आकडे म्हणजे गाडी दाखल झाली ते साल. 71 ची लढाई संपून तेरा वर्षं झाल्यावर हा फौजेत भरती झालेला. धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं पेंटरला सांगितलं, आकडे झाक.

"तेवढ्यावर भागलं नाही," काकू कुजबुजल्या, म्हणजे पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्याच हळू बोलल्या. "त्याला ऑलिव्ह ग्रीन मारायचा होता. डबे आणून ठेवलेले. हे गेले आणि डबे परत करायला लावले. फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. मोटार वाहन नियमांत लिहिलेलंय, 121 नंबरचा नियम. तेव्हा हा रुसून दोन दिवस बोलला नाही ह्यांच्याशी."

"मग?"

"मग काय, मातकट रंग ठरलाय. बायको म्हणाली, बरंच झालं, धूळ दिसणार नाही."

मागच्या बाजूला मात्र एक गोष्ट तात्यांनी राखून ठेवायला लावली. ट्रकच्या मागच्या डिफचा गोळा पांढरा रंगवलेला आणि त्याच्यावर उजेड पडेल असा एक बारका दिवा. आमच्या चिरंजिवांनी खाली वाकून विचारलं, हा कशाला? रात्री लढाईच्या मुलखात ताफा जातो तेव्हा हेडलाईट बंद. वरून विमानाला काही दिसता कामा नये. मागच्या ड्रायव्हरनं फक्त पुढच्या ट्रकचा तो पांढरा गोळा बघत गाडी हाकायची. पोरगं अर्धा तास खाली वाकूनच बसलं होतं.

दुरुस्तीतलं सगळ्यात भीतीचं काम निघालं टायरचं. एका टायरच्या कडेला तारखेचे तीनच आकडे निघाले. 2000 सालापासून चार असतात, आठवड्याचे दोन आणि सालाचे दोन. तीन म्हणजे मागच्या शतकातला टायर. वरून नक्षी शाबूत आणि बाजूला भेगा. धाकटा म्हणाला, अजून जाडी आहे की. तात्या म्हणाले, जाडी आहे, रबर मेलंय.

"पण टायरपेक्षा रिंग वाईट गं," काकूंचा आवाज पहिल्यांदाच गंभीर झाला. "या जुन्या चाकांना कडेला लोखंडी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसताना हवा भरली तर उडते. समोर माणूस असला तर संपला. आमच्या वडिलांच्या इथं हवा भरताना चाकाला साखळी गुंडाळायचे, नाहीतर लोखंडी पिंजऱ्यात ठेवायचे, आणि आम्हा पोरांना शंभर पावलं लांब हाकलायचे. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या पोरांना आता ट्यूबलेसची सवय. ते रिंगवर पाय देऊन हवा भरतील."

"आणि खोलताना आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची," तात्या म्हणाले. "थोडी राहिली असेल, चालतं, असं म्हणणाऱ्याला मी चाकाजवळ उभा राहू देत नाही."

सुट्या भागांचं काय, हा प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकानं धाकट्याला विचारला होता. कुणी सांगितलं जबलपूरला जा, कुणी दिल्लीची मायापुरी सुचवली. तात्यांचं म्हणणं, निम्मं काम पुण्यातच होतं. बेअरिंग कुठल्याही गाडीचं असो, त्यावर नंबर कोरलेला असतो. तो नंबर नाना पेठेत सांगायचा, गाडीचं नाव सांगायचंच नाही. ऑईल सीलला तीन मापं, आतलं, बाहेरचं आणि जाडी. व्हर्नियर लावून कागदावर लिहून न्यायची. चोवीस व्होल्टचे बल्ब, रिले तर आपल्या टाटाच्या ट्रकचेच चालतात. क्लच प्लेटला आणि ब्रेक शूला नवीन लायनर रिव्हेट करून मिळतं. किंगपिनचे बुश गेले तर रांजणगावच्या बाजूला लेथवाले कमी आहेत का? गनमेटलचा तुकडा दिला की माप बघून करून देतात. राहिलं ते बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. तिथं शक्तिमान असं ओरडायचं नाही, भाव दुप्पट होतो. जुना भाग पिशवीत न्यायचा आणि गुपचूप तसाच शोधायचा.

"मग एवढं सगळं कळतं तर तुम्हीच का नाही घेतला तात्या एखादा?" मी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की हा प्रश्न परत या भिंतीवर निघणार नाही.

तात्यांनी मात्र शांतपणे उत्तर दिलं. "लिलावात गाडी मिळते, तिची परेड मिळत नाही. फौजेत शक्तिमान एवढी वर्षं टिकला तो जर्मन लोखंडानं टिकला असं लोकांना वाटतं. लोखंड चांगलं होतंच. पण रोज सकाळी गाडी हलायच्या आधी फर्स्ट परेड. ऑईल, पाणी, हवा, बेल्ट, दिवे, खाली गळती. दुपारी थांबली की हॉल्ट परेड. संध्याकाळी परत आली की लास्ट परेड, आणि टाकी तुडुंब भरूनच गाडी उभी करायची, म्हणजे आत दव धरत नाही. ग्रीसच्या निप्पलना ठरल्या दिवशी गन लागणार म्हणजे लागणार. गाडी चालली असो वा नसो. सगळं गाडीच्या डायरीत लिहायचं आणि खाली सही. तो ट्रक एका ड्रायव्हरच्या नावावर असायचा. काही बिघडलं तर त्याला जबाब द्यावा लागायचा. तीच गाडी बाहेर आली, क्रेनवाल्याकडं गेली, आणि बाभळीखाली सडली. लोखंड तेच होतं की."

हे बोलणं चाललं असताना पलीकडून धाकटा स्वतःच आला. हात कोपरापर्यंत काळे. काकूंनी लगेच विषय बदलून आमटीकडे वळवला, पण त्यानं ऐकलं होतं.

"तात्या, डायरी घातली," तो म्हणाला आणि खिशातून शाळेची दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर तारीख, इंजिन ऑईल बदललं, गिअर ऑईल दुधाळ निघालं म्हणून तेही बदललं, मागचा डावा ब्रेक सैल केला. खाली सही. सहीखाली त्याच्या बायकोचीही सही.

"हिची कशाला?"

"ती म्हणाली, पाटल्या होईपर्यंत प्रत्येक खर्चावर माझी सही लागेल."

तात्यांनी वही चाळली आणि म्हणाले, लास्ट परेडचा रकाना राहिलाय. धाकटा वही घेऊन परत गेला. काकूंनी आमटीचा विषय जिथल्या तिथं सोडला आणि सांगितलं, की आकडा आता त्या वहीत असणार. बायकोनं सही केलीय म्हणजे तिला कळलाय. म्हणजे गुरुवारच्या भिशीपर्यंत आपल्यालाही कळेल.

तेव्हा वाचकहो, आपल्यापैकी कुणाच्या मेव्हण्यानं बाभळीखाली असाच एखादा शक्तिमान, जोंगा किंवा निसान बघून ठेवला असेल, तर पैशाचं नंतर बघा. आधी रोज सकाळी अर्धा तास काढून गाडीखाली वाकायची तयारी आहे का, ते स्वतःला विचारा. असेल तर कागद तपासा, फौजेच्या लिलावातून थेट घेत असाल तर फॉर्म 21 मागा, टायरवरचे आकडे वाचा, टाकीचा बोल्ट काढून बघा आणि सोबत तात्यांसारखं कुणीतरी न्या. तयारी नसेल तर आपलं नगर जवळ आहे. तिथं 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिकीट काढा, पोरांना दाखवा, हौस भागवा आणि पाटल्या करून टाका.